चंद्रशेखर वेंकट रामन

सर चंद्रशेखर वेंकट रामन (७ नोव्हेंबर १८८८, तिरुचिरापल्ली – २१ नोव्हेंबर १९७०, बंगळूर) हे प्रकाशाच्या प्रकीर्णनावरील संशोधनासाठी जगप्रसिद्ध झालेले भारतीय भौतिकशास्त्रज्ञ होते. पदार्थावर पडलेला प्रकाश सर्व दिशांना विखुरला जातो, या क्रियेस प्रकीर्णन म्हणतात. अशा विखुरलेल्या प्रकाशाच्या फार थोड्या अंशाची तरंगलांबी बदललेली असते आणि हा बदल त्या पदार्थाच्या रेणूंवर अवलंबून असतो, हे रामन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२८ मध्ये कलकत्ता येथे दाखवून दिले. हा शोध रामन परिणाम या नावाने ओळखला जातो. त्यासाठी रामन यांना १९३० चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. विज्ञानातील नोबेल पारितोषिकाचे ते पहिले आशियाई मानकरी होत.

रामन परिणाम अत्यंत क्षीण असतो. विखुरलेल्या काही लाख ते १ कोटी फोटॉनांपैकी जेमतेम एखाद्याचीच तरंगलांबी बदललेली असते. त्यामुळे हा अंधुक प्रकाश पुरेसा ठळक कसा करावा, हा प्रश्न या शोधाला जन्मापासून चिकटलेला आहे. रामन यांनी त्यासाठी सूर्यप्रकाश दुर्बिणीने एकवटला. त्यांच्या निधनानंतर शास्त्रज्ञांनी याच कामासाठी सोन्या-चांदीचे सूक्ष्म रचना असलेले पृष्ठभाग घडवले.

जन्म व शिक्षण

रामन यांचा जन्म तत्कालीन मद्रास इलाख्यातील तिरुचिरापल्ली येथे एका तमिळ ब्राह्मण कुटुंबात झाला. आठ भावंडांत ते दुसरे. त्यांचे वडील चंद्रशेखर रामनाथन अय्यर हे गणित व भौतिकशास्त्राचे अध्यापक होते, तर आईचे नाव पार्वती अम्माळ होते. वडिलांना विशाखापट्टणम येथील महाविद्यालयात नोकरी मिळाल्याने रामन यांचे बालपण तेथे गेले. वयाच्या अकराव्या वर्षी ते मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले.

पुढे मद्रासच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयातून १९०४ मध्ये त्यांनी बी.ए.ची पदवी प्रथम क्रमांकाने मिळवली आणि भौतिकशास्त्राचे सुवर्णपदक पटकावले. इंग्लंडला जाऊन शिकावे असा शिक्षकांचा आग्रह होता. परंतु प्रकृती तेथील हवामानास टिकणार नाही, असा निर्वाळा शासकीय शल्यचिकित्सकाने दिल्यामुळे तो बेत सोडून द्यावा लागला. १९०७ मध्ये ते एम.ए. झाले. त्याआधीच, १९०६ मध्ये, आयताकृती फटीतून जाणाऱ्या प्रकाशाच्या विवर्तनावरील त्यांचा पहिला शोधनिबंध लंडनच्या फिलॉसॉफिकल मॅगझिन या नियतकालिकात प्रसिद्ध झाला होता. तेव्हा त्यांचे वय १८ वर्षांचे होते.

वित्तखात्यातील नोकरी

त्या काळी भारतात केवळ संशोधनावर उपजीविका करण्याची सोय जवळजवळ नव्हती. म्हणून रामन वित्तखात्याच्या स्पर्धापरीक्षेस बसले व तीत पहिले आले. १९०७ मध्ये त्यांचा विवाह लोकसुंदरी अम्माळ यांच्याशी झाला आणि त्याच वर्षी साहाय्यक महालेखापाल म्हणून ते कलकत्त्यास रुजू झाले.

एके दिवशी ट्रामने जात असता बोबाजार रस्त्यावर त्यांना इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स या संस्थेची पाटी दिसली. डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ मध्ये स्थापन केलेल्या या संस्थेत व्याख्याने होत, पण तेथील प्रयोगशाळा बहुतांशी रिकामी असे. संस्थेचे तत्कालीन सचिव अमृतलाल सरकार यांनी ती रामन यांना आनंदाने खुली करून दिली. कार्यालयाच्या वेळेआधी पहाटे आणि कार्यालय सुटल्यावर रात्री उशिरापर्यंत तेथे प्रयोग करणे हा त्यांचा नित्यक्रम झाला. संस्थेतील कर्मचारी आशुतोष डे हे त्यांचे साहाय्यक झाले. विद्यापीठीय शिक्षण नसूनही डे यांनी प्रयोगांत निपुणता मिळवली आणि पुढे अनेक वर्षे रामन यांना साथ दिली.

मध्यंतरी रामन यांची बदली रंगून येथे आणि त्यानंतर नागपूर येथे झाली. या दोन्ही ठिकाणी प्रयोगशाळा उपलब्ध नव्हती. तरीही त्यांनी राहत्या घरी काम चालू ठेवले. १९११ मध्ये ते कलकत्त्यास परतले.

प्राध्यापकपद व वाद्यांचा अभ्यास

कलकत्ता विद्यापीठाचे कुलगुरू सर आशुतोष मुखर्जी यांनी रामन यांना भौतिकशास्त्राचे पालित प्राध्यापकपद देऊ केले. या पदासाठी परदेशात प्रशिक्षण घेण्याची अट होती. ती रामन यांनी मान्य केली नाही आणि अखेरीस विद्यापीठाने ती शिथिल केली. १९१७ मध्ये त्यांनी शासकीय नोकरीचा राजीनामा दिला व बऱ्याच कमी वेतनावर हे पद स्वीकारले. १९१९ मध्ये अमृतलाल सरकार यांच्या निधनानंतर ते असोसिएशनचे मानद सचिवही झाले.

या काळात त्यांच्या संशोधनाचा एक मुख्य विषय ध्वनी हा होता. व्हायोलिनच्या तारेची कंपने, तंबोरा व वीणा यांचे नाद यांचा त्यांनी अभ्यास केला. साध्या ढोलाच्या आवाजात सुसंवादी स्वर नसतात. मृदंग व तबला यांतून मात्र ते निघतात. पुडीवर मध्यभागी चढवलेल्या शाईच्या थरामुळे कातड्याची कंपने बदलून हे घडते, असे त्यांनी १९२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखवले.

समुद्राचा निळा रंग

१९२१ मध्ये ऑक्सफर्ड येथे ब्रिटिश साम्राज्यातील विद्यापीठांची परिषद भरली. तिच्यासाठी रामन यांनी प्रथमच युरोपचा प्रवास केला. भूमध्य समुद्राच्या गडद निळ्या रंगाने त्यांचे कुतूहल जागे झाले. समुद्राचा रंग म्हणजे निळ्या आकाशाचे प्रतिबिंब होय, असे लॉर्ड रॅली यांचे मत तेव्हा सर्वमान्य होते. परतीच्या प्रवासात नारकुंडा या बोटीवर रामन यांनी निकोल लोलकातून समुद्राकडे पाहिले. लोलक विशिष्ट स्थितीत धरल्यास पाण्याच्या पृष्ठभागावरून परावर्तित होणारा प्रकाश अडवला जातो. तसे करूनही समुद्र निळाच दिसला. किंबहुना तो रंग अधिक खुलला. त्यामुळे पाण्याचे रेणू स्वतःच प्रकाश विखुरतात आणि निळा रंग त्यातून येतो, असा निष्कर्ष त्यांनी काढला. या विषयावरील टिपण त्यांनी बोट मुंबई बंदरात असतानाच नेचर या नियतकालिकासाठी लिहिले.

पुढील सात वर्षे कलकत्त्याच्या प्रयोगशाळेत प्रकाशाच्या प्रकीर्णनाचा पद्धतशीर अभ्यास चालला. १९२२ मध्ये रामन यांनी या विषयावरील पुस्तिका प्रसिद्ध केली, तर १९२४ मध्ये रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले.

रामन परिणामाचा शोध

१९२३ मध्ये रामन यांचे विद्यार्थी के. आर. रामनाथन यांना पाण्यातून विखुरलेल्या प्रकाशात मूळ रंगाहून वेगळ्या रंगाची अंधुक छटा आढळली. द्रवातील अशुद्धीमुळे निर्माण होणारी ही मंद प्रतिदीप्ती असावी, असे प्रथम वाटले. परंतु द्रव पुनःपुन्हा शुद्ध करूनही ती छटा नाहीशी होईना. पुढे एस. वेंकटेश्वरन यांना शुद्ध ग्लिसरीनमधून विखुरलेला हिरवट प्रकाश मोठ्या प्रमाणात ध्रुवित असल्याचे दिसले. नेहमीच्या प्रतिदीप्तीत असे ध्रुवण अपेक्षित नव्हते. त्यामुळे ही काही निराळीच घटना असल्याची शंका बळावली.

जानेवारी १९२८ मध्ये रामन यांनी हे काम करियामाणिक्कम श्रीनिवास कृष्णन यांच्याकडे सोपवले. प्रयोगाची मांडणी साधी होती. सुमारे १८ सेंटीमीटर व्यासाच्या भिंगाच्या दुर्बिणीने सूर्यप्रकाश एकवटून त्याचा तीव्र झोत द्रवावर सोडला जाई. झोताच्या वाटेत निळ्या-जांभळ्या रंगाची काच ठेवली की फक्त तोच प्रकाश द्रवात शिरे. बाजूने पाहणाऱ्याच्या डोळ्यापुढे हिरवी काच असे आणि ती निळा-जांभळा प्रकाश अडवी. प्रकाशाचा रंग बदलत नसेल, तर दोन्ही काचांमधून पाहता अंधार दिसला पाहिजे. प्रत्यक्षात मात्र द्रवातून अंधुक झोत दिसतच राहिला. अनेक शुद्ध द्रवांत, तसेच वायू व स्फटिकांतही हाच अनुभव आला.

२८ फेब्रुवारी १९२८ रोजी हा प्रकाश वर्णपटदर्शकातून तपासण्यात आला. मूळ प्रकाशाच्या पट्ट्यापासून काळ्या जागेने विलग झालेला दुसरा पट्टा तेथे स्पष्ट दिसला. सूर्यप्रकाशाऐवजी पाऱ्याच्या वाफेचा दिवा वापरल्यावर तर नव्या तरंगलांबींच्या रेखीव रेषाच मिळाल्या. रामन व कृष्णन यांचे संयुक्त टिपण ३१ मार्च १९२८ च्या नेचरमध्ये छापून आले. तत्पूर्वी १६ मार्च रोजी रामन यांनी बंगळूर येथील व्याख्यानात या शोधाची सविस्तर माहिती दिली.

या घटनेचे कारण रेणूंच्या कंपनांत आहे. रेणूतील अणू ठरावीक कंप्रतांनी कंप पावत असतात. फोटॉन रेणूवर आदळून विखुरताना आपली थोडी ऊर्जा रेणूच्या कंपनास देतो किंवा क्वचित त्याच्याकडून घेतो. ऊर्जा दिल्यास प्रकाशाची तरंगलांबी वाढते, घेतल्यास ती घटते. प्रत्येक पदार्थाच्या रेणूंची कंपने निराळी असल्याने वर्णपटातील नव्या रेषांची रचनाही निराळी असते. म्हणून या रेषांवरून पदार्थ ओळखता येतो. बोटांच्या ठशावरून माणूस ओळखावा, तसाच हा प्रकार आहे.

श्रेय व नोबेल पारितोषिक

अशा परिणामाची सैद्धांतिक शक्यता ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ आडोल्फ स्मेकल यांनी १९२३ मध्येच वर्तवली होती. मॉस्को येथे ग्रिगोरी लँड्सबर्ग व लिओनिद मांदेलश्ताम यांनीही १९२८ च्या फेब्रुवारीतच क्वार्ट्झ स्फटिकात हाच परिणाम स्वतंत्रपणे पाहिला. मात्र त्यांचे निबंध रामन यांच्या नंतर प्रसिद्ध झाले. रशियन भाषेत या परिणामाला आजही रामन यांच्या नावाऐवजी संयुक्त प्रकीर्णन अशा अर्थाचे नाव आहे.

ब्रिटिश सरकारने १९२९ मध्ये रामन यांना सर हा किताब दिला. १९३० मध्ये त्यांना रॉयल सोसायटीचे ह्यूज पदक व त्याच वर्षी नोबेल पारितोषिक प्राप्त झाले. नोबेल पारितोषिक एकट्या रामन यांना देण्यात आले. प्रत्यक्ष निरीक्षणांचा मोठा भाग कृष्णन यांनी केला असल्याने त्यांच्या वाट्याला पुरेसे श्रेय आले काय, याची चर्चा पुढे दीर्घकाळ होत राहिली. कृष्णन यांनी नंतर स्फटिकांच्या चुंबकीय गुणधर्मांवर महत्त्वाचे संशोधन केले आणि ते दिल्ली येथील राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचे पहिले संचालक झाले.

बंगळूर येथील कार्य

१९३३ मध्ये रामन बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सचे संचालक झाले. या पदावर येणारे ते पहिले भारतीय होते. तेथे त्यांनी भौतिकशास्त्राचा विभाग उभारला आणि १९३४ मध्ये इंडियन ॲकॅडमी ऑफ सायन्सेस ही संस्था स्थापन केली. नागेंद्र नाथ यांच्यासमवेत त्यांनी श्राव्यातीत ध्वनितरंगांमुळे होणाऱ्या प्रकाशाच्या विवर्तनाचा सिद्धांत मांडला. तो रामन-नाथ सिद्धांत म्हणून परिचित आहे.

संचालकपदाची ही कारकीर्द वादांपासून मुक्त नव्हती. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी गुणवत्तेने मिळवलेल्या कमला भागवत यांनी संस्थेत प्रवेश मागितला. तेव्हा केवळ त्या स्त्री आहेत म्हणून रामन यांनी तो नाकारला. भागवत यांनी सत्याग्रहाचा पवित्रा घेतल्यावर त्यांना प्रवेश मिळाला, पण पहिले वर्ष परीक्षाधीन राहण्याच्या अटीवर. त्यांचे काम पाहून रामन यांचे मत बदलले आणि संस्थेची दारे विद्यार्थिनींना खुली झाली. कमला भागवत, म्हणजेच विवाहानंतरच्या कमला सोहोनी, यांनी १९३९ मध्ये केंब्रिज विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली आणि पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत जीवरसायनशास्त्राचे अध्यापन व संशोधन केले. त्यांना मिळालेली वागणूक हा रामन यांच्या चरित्रातील उणा भाग मानला जातो. नंतरच्या काळात अण्णा मणी यांनी रामन यांच्या प्रयोगशाळेत हिऱ्यांच्या प्रकाशीय गुणधर्मांवर संशोधन केले. १९४८ मध्ये त्या पुणे येथील हवामान खात्यात रुजू झाल्या आणि हवामानमापक उपकरणांच्या निर्मितीत त्यांनी नाव मिळवले.

जर्मनीतून परागंदा झालेले थोर शास्त्रज्ञ माक्स बॉर्न यांना रामन यांनी बंगळूरला बोलावले होते. त्यांना कायम पद मिळावे हा रामन यांचा प्रयत्न मात्र संस्थेतील विरोधामुळे फसला. कारभाराविषयीच्या तक्रारी वाढत गेल्याने १९३७ मध्ये रामन यांना संचालकपद सोडावे लागले; प्राध्यापक म्हणून ते १९४८ पर्यंत तेथेच राहिले. पुढे स्फटिकजालकाच्या कंपनांविषयी बॉर्न व रामन यांच्यात तीव्र मतभेद झाले. या वादात काळाने बॉर्न यांच्या सिद्धांताच्या बाजूने कौल दिला.

अखेरची वर्षे

संस्थेतून निवृत्त झाल्यावर म्हैसूर संस्थानाने दिलेल्या जागेवर रामन यांनी रामन संशोधन संस्था उभारली आणि अखेरपर्यंत तेथे काम केले. हिरे, रत्ने, शिंपले, फुलांचे रंग व मानवी दृष्टी हे त्यांच्या उत्तरायुष्यातील अभ्यासविषय होते. शासकीय अनुदानाबरोबर शासकीय बंधने येतात, या धारणेमुळे ते असे अनुदान घेण्याच्या विरोधात होते. भारत सरकारने १९५४ मध्ये त्यांना भारतरत्न हा सर्वोच्च नागरी सन्मान दिला. १९५७ मध्ये त्यांना लेनिन शांतता पारितोषिक मिळाले. १९६८ मध्ये त्यांनी रॉयल सोसायटीच्या सदस्यत्वाचा राजीनामा दिला.

२१ नोव्हेंबर १९७० रोजी बंगळूर येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार संस्थेच्या आवारातच त्यांच्यावर अंत्यसंस्कार करण्यात आले. खगोलशास्त्रज्ञ व्ही. राधाकृष्णन हे त्यांचे पुत्र, तर १९८३ चे नोबेल पारितोषिकविजेते सुब्रह्मण्यन चंद्रशेखर हे त्यांचे पुतणे होत.

रामन परिणाम आणि सोन्याचे पृष्ठभाग

शोध लागल्यानंतरच्या काळात रसायनशास्त्रज्ञांनी रामन वर्णपटाचा मोठ्या प्रमाणावर उपयोग केला. परंतु परिणामाच्या क्षीणतेमुळे नमुना भरपूर लागे आणि छायाचित्रण-काचेवर रेषा उमटण्यास कधी कधी अनेक तास लागत. १९६० मध्ये लेसरचा शोध लागल्यावर तीव्र व एकाच तरंगलांबीचा प्रकाश उपलब्ध झाला आणि ही अडचण बरीच कमी झाली. तरीही मोजक्याच रेणूंचा शोध घेणे आवाक्याबाहेर होते.

१९७४ मध्ये, म्हणजे रामन यांच्या निधनानंतर चार वर्षांनी, इंग्लंडमधील साउदॅम्प्टन विद्यापीठात मार्टिन फ्लाइशमन, पॅट्रिक हेंड्रा व जेम्स मॅक्विलन यांनी खडबडीत केलेल्या चांदीच्या विद्युत अग्रावर पिरिडीन या पदार्थाचे रेणू चिकटवले. त्यांचे रामन वर्णपट अनपेक्षितपणे ठळक आले. खडबडीतपणामुळे पृष्ठभागाचे क्षेत्रफळ वाढून अधिक रेणू मावले असावेत, असे त्यांना वाटले. १९७७ मध्ये अमेरिकेतील रिचर्ड व्हॅन डाइन व डेव्हिड जीनमेअर यांनी, तसेच इंग्लंडमधील ग्रँट अल्ब्रेक्ट व ॲलन क्रेटन यांनी स्वतंत्रपणे दाखवले की, वाढ सुमारे १ लाख ते १० लाख पट आहे आणि केवळ क्षेत्रफळाने तिचा उलगडा होत नाही.

या वाढीचे मुख्य कारण धातूतील मुक्त इलेक्ट्रॉनांमध्ये आहे. सोन्याच्या किंवा चांदीच्या काही दशक नॅनोमीटर आकाराच्या कणावर योग्य तरंगलांबीचा प्रकाश पडला की त्यातील इलेक्ट्रॉन एकत्रितपणे हेलकावू लागतात. या सामूहिक हालचालीस प्लाझ्मॉन म्हणतात. तिच्यामुळे कणालगतचे विद्युत क्षेत्र मूळ प्रकाशाच्या क्षेत्राहून कितीतरी प्रबळ होते. कणाजवळचा रेणू हा प्रबळ प्रकाश अनुभवतो आणि त्याने विखुरलेला प्रकाशही कणामुळे पुन्हा वाढतो. वाढ अशी दुहेरी असल्याने रामन प्रकाशाची तीव्रता क्षेत्रवाढीच्या साधारणतः चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. क्षेत्र १० पट झाले, तर रामन प्रकाश सुमारे १०,००० पट होतो.

दोन कणांमधील १-२ नॅनोमीटरच्या फटीत हे क्षेत्र विशेष प्रबळ असते. अशा जागांना तप्तबिंदू म्हणतात. येथे तप्त हा शब्द उष्णतेसाठी नसून प्रकाशाच्या तीव्रतेसाठी आहे. फट याहूनही फार अरुंद झाली, तर इलेक्ट्रॉन ती ओलांडू लागतात आणि वाढ पुन्हा घटते. म्हणून पृष्ठभाग घडवताना फटीची रुंदी काटेकोरपणे राखावी लागते.

चांदीमुळे वाढ अधिक मिळते. पण ती हवेत काळवंडते. सोने रासायनिकदृष्ट्या स्थिर असून गंधकयुक्त रेणू त्याला घट्ट चिकटतात. त्यामुळे हवे ते रेणू पृष्ठभागावर धरून ठेवता येतात. मात्र सोने निळा व हिरवा प्रकाश शोषून घेते. म्हणून सोन्याच्या पृष्ठभागांसाठी तांबडा किंवा निकट अवरक्त लेसर वापरतात.

असे पृष्ठभाग अनेक रीतींनी तयार होतात. द्रावणात बनवलेले सोन्याचे कण काचेवर बसवणे ही सर्वांत सोपी रीत आहे. दुसऱ्या रीतीत काचेवर प्लॅस्टिकच्या सूक्ष्म गोळ्यांचा एकेरी थर पसरून त्यावर सोन्याचा मुलामा चढवतात. इलेक्ट्रॉन झोताने कोरलेल्या नक्षीत आकार व अंतर हवे तसे ठेवता येते, पण ती महाग पडते. सूक्ष्म खांबांचे टोक सोन्याने मढवले, तर त्यांवरील द्रव सुकताना खांब एकमेकांकडे झुकतात आणि रेणू नेमके फटीत अडकतात. सर्व रीतींपुढील अडचण एकच आहे: वाढ सर्वाधिक असलेल्या जागा थोड्या असतात, त्यामुळे एकाच पट्टीवरील दोन ठिकाणची मोजमापे जुळत नाहीत. वाढ जास्त हवी की सर्वत्र सारखी हवी, हे कामाच्या स्वरूपावरून ठरवावे लागते.

१९९७ मध्ये अशा तंत्राने एकेका रेणूचा रामन वर्णपट नोंदवल्याचे अहवाल प्रसिद्ध झाले. अन्नातील कीटकनाशकांचे अंश, स्फोटके, अमली पदार्थ आणि रोगांची रासायनिक चिन्हे शोधण्यासाठी या तंत्राचा वापर व अभ्यास चालू आहे.

स्मृती

रामन परिणामाच्या शोधाचा दिवस, २८ फेब्रुवारी, भारतात १९८७ पासून राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून साजरा होतो. महाराष्ट्रातील शाळा-महाविद्यालयांतही या दिवशी विज्ञान प्रदर्शने व व्याख्याने होतात. निळी आणि हिरवी अशा दोन रंगीत काचांमधून जो झोत कलकत्त्यात जेमतेम डोळ्याला दिसत होता, त्याच्या आधारे आज हातात मावणारी उपकरणे पदार्थ ओळखतात.